प्रक्षेपण पडद्यावर, उपग्रह कानावर

श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही उडतो तेव्हा उपग्रहांचे रेडिओ-संदेश ऐकणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतल्या हौशी मंडळींचे काम दोन भागांत होते. पहिली वीसेक मिनिटे पडद्यासमोर जातात. मग साधारण सव्वा तास काहीच नसते. त्यानंतर अँटेना घेऊन गच्चीवर किंवा खाडीकाठी जायचे असते. ही विभागणी कुणाच्या आवडीनिवडीतून आलेली नाही, ती भूगोलाने घालून दिली आहे.

ठाण्यापासून श्रीहरिकोटा हवाई अंतराने सुमारे १,००० किलोमीटरवर, आग्नेयेला आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावरची वस्तू दिसायला किंवा थेट ऐकू यायला ती निदान ८० किलोमीटर उंच असावी लागते. पीएसएलव्हीचे उष्णतारोधी कवच सुमारे ११५ किलोमीटर उंचीवर गळून पडते. पण तोवर रॉकेट आपल्यापासून आणखी दोन-अडीचशे किलोमीटर दूर गेलेले असते, आणि तेही नेमके आपल्याकडे पाठ करून. उंची वाढते तसे अंतरही वाढते, त्यामुळे सगळे आरोहण क्षितिजाला घासूनच होते. त्यात माथेरानचा डोंगर ठाण्याहून जवळपास त्याच रेषेत उभा, त्याच्या अलीकडे पारसिक आणि पलीकडे सह्याद्री. म्हणून आरोहण इथून ऐकू येत नाही. ते बघायचे दूरदर्शनवर किंवा इस्रोच्या थेट प्रक्षेपणात.

पुढचा भाग मात्र आपल्या बाजूचा आहे. दक्षिणेकडे सोडलेला ध्रुवीय कक्षेतला उपग्रह सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून परत येतो. तेवढ्या वेळात पृथ्वी २४ अंशांनी पूर्वेकडे फिरलेली असते. म्हणजे बंगालच्या उपसागरावरून गेलेला उपग्रह दुसऱ्या खेपेला अरबी समुद्रावरून उतरतो. चेन्नईला तो क्षितिजाशी किंवा त्याखाली राहतो, ठाण्याच्या पश्चिम आकाशात मात्र त्याहून वर येतो. क्यूबसॅट म्हणजे ठोकळ्यासारखे छोटे उपग्रह, त्यांच्या मानकानुसार रॉकेटपासून वेगळे झाल्यावर ३० मिनिटे अँटेना उघडायची नसते आणि ४५ मिनिटे प्रसारण करायचे नसते. हे दोन्ही अवधी आपल्या पहिल्या पासपूर्वी, म्हणजे उपग्रह आपल्या आकाशातून पहिल्यांदा जाण्यापूर्वी, संपलेले असतात. नव्या भारतीय उपग्रहाची पहिली हाक ऐकायला म्हणूनच आपला पश्चिम किनारा फार मोक्याचा आहे.

ऐकण्याची परंपरा ४ ऑक्टोबर १९५७ला सुरू झाली. स्पुतनिक-१ मध्ये एक वॉटचा प्रेषक होता. तो २०.००५ आणि ४०.००२ मेगाहर्ट्झवर टिकटिक करत असे. २०.००५ हा आकडा ऐकणाऱ्यांना फार सोयीचा होता, कारण बरोबर २० मेगाहर्ट्झवर अमेरिकेचे वेळसंकेत केंद्र होते. ते लावायचे आणि बटण किंचित सरकवायचे की झाले. जगभरच्या हॅम, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी रेडिओ, मंडळींनी साध्या शॉर्टवेव्ह सेटवर ती टिकटिक टिपली. सुमारे तीन आठवड्यांनी बॅटरी संपली आणि आवाज थांबला.

त्या तीन आठवड्यांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी जे केले, त्यावर हा छंद आजही उभा आहे. उपग्रह जवळ येताना वारंवारता थोडी वर असते आणि दूर जाताना खाली येते. यालाच डॉप्लर म्हणतात. २० मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे ५०० हर्ट्झ. या दोघांनी तो मिनिटामिनिटाला मोजला आणि एकाच ठिकाणी बसून उपग्रहाची कक्षा काढली. त्याच विचाराच्या उलट्या वापरातून पुढे ट्रान्झिट ही दिशादर्शन प्रणाली आली.

या पद्धतीचे हौशी रूप इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलमध्ये दिसले. जेफ्री पेरी हे शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी साध्या रिसीव्हरवर सोव्हिएत कॉसमॉस उपग्रहांच्या वेळा टिपून ठेवत. १९६६ मध्ये काही उपग्रहांचे मार्ग बैकानूर या माहीत असलेल्या प्रक्षेपण केंद्राशी जुळेनात. नकाशावर रेषा मागे नेल्या तेव्हा त्या जिथे मिळाल्या ते ठिकाण प्लेसेत्स्क होते. सोव्हिएत सरकारने ज्याची वाच्यता केली नव्हती, असे ते प्रक्षेपण केंद्र शाळेच्या एका खोलीतून सापडले. लागले होते ते एवढेच: अचूक घड्याळ, वही आणि नेमाने ऐकायची सवय.

१२ डिसेंबर १९६१ला हॅम मंडळींचा स्वतःचा उपग्रह गेला. ऑस्कर-१ साडेचार किलोचा होता आणि डिस्कव्हरर-३६ या अमेरिकी उपग्रहासोबत वजन जुळवणीच्या जागेत बसून गेला. त्यातला प्रेषक फक्त १४० मिलिवॉटचा. तो मोर्समध्ये ‘हाय’ एवढेच म्हणे, चार टिंबे आणि मग दोन टिंबे. पण ते म्हणण्याचा वेग आतल्या तापमानावर ठरायचा. ‘हाय’ किती सेकंदांत होते हे मोजले की अवकाशातले तापमान कळे. हौशी टेलिमेट्रीची, म्हणजे उपग्रहाची मोजमापे दुरून मिळवण्याची, सुरुवात ती. १९६९ मध्ये लॅरी बेसिंजर या हॅमने अमेरिकेतल्या लुइव्हिलमधून, घरी बनवलेल्या अँटेनावर, अपोलो-११च्या अंतराळवीरांचे चंद्रावरून येणारे बोलणे २५९.७ मेगाहर्ट्झवर थेट ऐकले.

हौशी व्हिडिओचा इतिहास आपल्या देशाला स्पर्शून जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७५-७६ मध्ये एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून भारतातल्या २,४०० गावांसाठी ‘साइट’चे शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ. गावात कोंबडीजाळीची तीन मीटरची तबकडी आणि सामुदायिक टीव्ही. उपग्रहाचा झोत भारतावर रोखलेला होता, तरी त्याची कड युरोपपर्यंत पोचत होती. १९७५ अखेरीस शेफील्डच्या स्टीव्हन बर्किल यांनी घरी बनवलेल्या तबकडीवर ते चित्र पकडले. उपग्रहावरचे दूरचित्र घरच्या घरी पकडण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक, आणि पडद्यावर होते भारतीय खेड्यांसाठीचे कार्यक्रम.

भारतीय हॅमना स्वतःचा उपग्रह मिळाला तो ५ मे २००५ला. पीएसएलव्ही-सी६ने कार्टोसॅट-१ सोबत ४२.५ किलोचा हॅमसॅट नेला. कक्षेत त्याचे नाव व्हीओ-५२ झाले. ४३५ मेगाहर्ट्झवर बोलायचे, १४५.९च्या आसपास ऐकायचे. २०१४ मध्ये बॅटरी बिघडेपर्यंत तो चालला. अडचण एकच होती, त्यावरचे बोलणे एसएसबी पद्धतीचे असल्याने साध्या हातातल्या सेटवर कळत नसे. हॅम परवाना आणि महागडा सेट नसलेल्यांना दार अर्धेच उघडलेले होते.

ते पुरते उघडले २०१२ मध्ये. टीव्ही बघण्यासाठी विकल्या जाणाऱ्या यूएसबी डोंगलमधली आरटीएल२८३२यू ही चिप कच्चे रेडिओ नमुने संगणकाला देऊ शकते, हे लक्षात आले. सुमारे २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा त्यात येतो. २०१४ मध्ये अथेन्समध्ये सुरू झालेल्या सॅटनॉग्स या प्रकल्पाने उपग्रह ऐकणाऱ्या अशा स्वस्त केंद्रांचे जाळे विणायला घेतले. लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग शोधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती तेव्हापासून नवे हत्यार आले. वेळही जमून आली. २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४ने पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ नेला, २६ सप्टेंबरला सी३५ने आयआयटी मुंबईचा दहा किलोचा ‘प्रथम’. सी३५चे उड्डाण मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे. मुख्य उपग्रह स्कॅटसॅट-१ सतरा मिनिटांत सुटला, पण ‘प्रथम’ व इतर उपग्रहांसाठी चौथा टप्पा पुन्हा पेटवावा लागला आणि सगळे संपायला सव्वादोन तास लागले. ९५ मिनिटांचा ठोकताळा धरून पश्चिमेकडे अँटेना रोखणाऱ्याला त्या वेळी काहीच मिळाले नसते. उड्डाणाआधी इस्रोची माहितीपत्रिका वाचायची, ती याचसाठी.

आता प्रत्यक्ष मांडणी. सुरुवातीला व्ही-डायपोल ही अँटेना पुरे: ॲल्युमिनियमच्या दोन सारख्या सळया, मध्ये १२० अंशांचा कोन. १३७ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक सळई ५३.४ सेंटिमीटर, १४५.८साठी साधारण ५०, ४३७साठी साडेसोळा ते सतरा. क्षितिजाजवळच्या पहिल्या पाससाठी मात्र पोलादी मोजपट्टीच्या तुकड्यांची यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, बरी, ती हातात धरून फिरवता येते.

केबलमध्ये बहुतेक जण फसतात. पातळ आरजी-५८ ही ‘रेडिओची केबल’ म्हणून विकत घेतली जाते. ४३७ मेगाहर्ट्झवर तिच्या दहा मीटरमध्ये सुमारे साडेतीन डेसिबल, म्हणजे अर्ध्याहून जास्त संदेश वाया जातो. केबलवाल्याची आरजी-६ तेवढ्याच लांबीत दीडेक डेसिबल खाते. ती ५० नव्हे तर ७५ ओहमची असते, पण त्या बेमेळाचा तोटा एक पंचमांश डेसिबलच्या आसपास. निःसंकोच आरजी-६ वापरावी. पावसाळ्याआधी गच्चीवरचा जोड रबरी, स्वतःशी चिकटणाऱ्या टेपने गुंडाळावा. पाणी एकदा केबलमधल्या तारांच्या वेणीत शिरले की केबल आतून हिरवी पडते आणि बाहेरून काही कळत नाही. खाडीच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होते.

दुसरा त्रास मुंबईच्या एफएम केंद्रांचा. त्यांच्या जोरापुढे डोंगल दबतो आणि वॉटरफॉलवर, म्हणजे वेळ आणि वारंवारता दाखवणाऱ्या संगणकावरच्या चित्रात, नसलेल्या रेषा उमटतात. आधी गेन (संदेश मोठा करण्याचे प्रमाण) कमी करून पाहावा, नाही भागले तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर लावावा. सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर असेल तर दुसरी जागा बघावी. लिफ्टची मोटर, एलईडी दिव्यांचे चालक आणि सोलर इन्व्हर्टर सारखी खरखर करतात. त्यांच्यापासून आठ-दहा मीटर दूर गेले तरी फरक पडतो.

जागेचे महत्त्व इथे विशेष. घोडबंदर रोडच्या बाजूला पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे. दोन किलोमीटरवर अडीचशे मीटरचा कडा असेल तर क्षितिज सात अंशांनी वर सरकते, आणि पहिला पास कधी कधी तेवढ्याच उंचीचा असतो. वाशीचे सागर विहार किंवा नेरूळचा खाडीकाठ इथून पश्चिम उघडी मिळते, म्हणून ठाणेकरांनीही त्या दिवशी खाडी ओलांडलेली चांगली.

डोंगल निदान वीस मिनिटे आधी चालू करून गरम होऊ द्यावा. जुन्या डोंगलच्या घड्याळात दशलक्षात ५० एवढी चूक असू शकते. ४३७ मेगाहर्ट्झवर ती २२ किलोहर्ट्झ होते, तर सगळा डॉप्लर जेमतेम दहा किलोहर्ट्झ इकडे-तिकडे. आधी ओळखीच्या उपग्रहावर चूक मोजून ठेवावी. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवावे, थेट प्रक्षेपणावरून नव्हे. ते चित्र आपल्यापर्यंत कित्येक सेकंद उशिरा येते. उड्डाण लांबले तर आधी मिळालेले टीएलई, म्हणजे कक्षेचे आकडे, तसेच वापरू नये. दर मिनिटाच्या उशिराला कक्षेचे प्रतल पाव अंश सरकते. ३० डिसेंबर २०२४ला पीएसएलव्ही-सी६० रात्री ९:५८ऐवजी १०:००ला उडाला, म्हणजे अर्धा अंश.

पास सुरू असताना नुसते ऐकत बसू नये, कच्ची नोंद घ्यावी. सेकंदाला २.४ दशलक्ष आठ-बिटी नमुन्यांनी बारा मिनिटांची फाइल साडेतीन जीबीची होते. अडीच लाख नमुन्यांनी काम ३६० एमबीत भागते आणि ४३७च्या डॉप्लरला तो पट्टा भरपूर आहे. वॉटरफॉलवर आधी अगदी फिकट, जवळजवळ सरळ उभी रेघ दिसते. तीन-चार मिनिटांनी ती वाकू लागते, मध्यावर झर्रकन तिरकी होते आणि पुन्हा सरळ होते. सर्वांत तिरका क्षण म्हणजे उपग्रह सर्वांत जवळ असण्याचा क्षण. तो सेकंदापर्यंत टिपावा. सरळ, न वाकणारी रेघ दिसली तर ती शेजारच्या एखाद्या चार्जरची असते.

हा एक क्षण १५ फेब्रुवारी २०१७ला फार मोलाचा ठरला. पीएसएलव्ही-सी३७ने १०४ उपग्रह सोडले. अमेरिकी यादीत वस्तूंना क्रमांक मिळतात, पण कोणता क्रमांक कोणाचा हे रडार सांगत नाही. आवाज कोणाचा आणि तो कोणत्या क्षणी जवळ आला हे जुळवले की ओळख पटते. हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने दाखवले. १९ ऑक्टोबर २०१६ला मंगळावर उतरणाऱ्या शियापारेली यानाचा ४०१ मेगाहर्ट्झचा संदेश तिथे ऐकला गेला, आणि उतरण्याच्या थोडे आधी तो तुटला, हेही तिथे दिसले.

रॉकेटचा स्वतःचा व्हिडिओ हौशी लोकांना मिळाला तो २०२१ मध्ये. युरोपातल्या काही जणांनी स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे २.२ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले प्रसारण उलगडले. त्यात इंधनटाकीच्या आतले कॅमेऱ्याचे दृश्यही होते. नंतर कंपनीने ते कूटबद्ध केले. या पट्ट्यासाठी साधा डोंगल चालत नाही, वारंवारता खाली आणणारा कन्व्हर्टर आणि तबकडी लागते. तिथे डॉप्लरही ५० किलोहर्ट्झच्या घरात जातो. चित्राची हौस असलेल्यांना इथून सोपा मार्ग आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाचा. एसएसटीव्हीचा, म्हणजे रेडिओवरून स्थिर चित्रे पाठवण्याचा, कार्यक्रम जाहीर झाला की १४५.८०० मेगाहर्ट्झवर पीडी-१२० पद्धतीने चित्रे येतात, एका चित्राला सुमारे दोन मिनिटे लागतात. १३७ मेगाहर्ट्झवरचे नोआ-१५ आणि नोआ-१९ हे अमेरिकी हवामान उपग्रह ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाले. त्यांच्यासाठी कापलेल्या ५३.४ सेंटिमीटरच्या सळया त्याच पट्ट्यातल्या रशियन मेटिऑर उपग्रहांना तशाच चालतात.

७ ऑगस्ट २०२२ला इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात ‘आझादीसॅट’ हा उपग्रह होता. ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी तो ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या कक्षेत गेला. ७६ किलोमीटरवर हवा इतकी असते की उपग्रह टिकत नाही. अशा वेळीही ठरलेल्या मिनिटाला नोंद सुरू ठेवावी आणि रिकामी फाइल वेळ, जागा, अँटेना लिहून जपावी. किती वाजता, कुठून, कोणत्या वारंवारतेवर काही ऐकू आले नाही, हीसुद्धा नोंदच असते.