ऋण प्रबलन आणि शिक्षा: वर्गातली फसवी जोडी

टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या पेपरात बालमानसशास्त्राला 30 गुण, आणि त्यात भल्याभल्यांना चकवणारी जोडी म्हणजे ऋण प्रबलन आणि शिक्षा. ‘ऋण’ दिसलं की हात आपसूक ‘शिक्षा’ या पर्यायावर जातो आणि गुण जातो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या मांडणीत प्रबलन धन असो की ऋण, त्याने वर्तन वाढतंच. शिक्षेने ते घटतं. ऋण म्हणजे काहीतरी काढून घेतलं, एवढंच. उंदीर ठेवलेल्या प्रयोगाच्या पेटीच्या तळाशी विजेचा सौम्य झटका चालू आहे, उंदराने दांडी दाबली की तो थांबतो. मग उंदीर दांडी लवकर दाबायला लागतो. मे महिन्यात भर दुपारी घरी आलेला नागपूरकर चपला काढायच्या आधी कूलरचं बटण दाबतो, तेही ऋण प्रबलनच. व्हरायटी चौकात हेल्मेट नाही म्हणून चालान फाटलं, ती शिक्षा.

गोंधळ होतो कारण काढून घेणं दोन्हीकडे असू शकतं. पाढे म्हणून दाखवले, गृहपाठ माफ: नकोसं गेलं, पाढे वाढले. दंगा केला, खेळाचा तास बंद: हवंसं गेलं, दंगा घटला. म्हणजे, घटला तर.

हा ‘तर’ फार जड आहे. समजा, नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत चौथीला अपूर्णांक चालू आहेत. मागून ओरड येते, “मॅडम, हा पेन्सिल टोचून राहिला!” मॅडम त्या पोराला व्हरांड्यात उभं करतात. वर्ग शांत. उद्या फळ्यावर छेद-अंश आले की पुन्हा पेन्सिल, परवाही तेच. मॅडमच्या लेखी ती शिक्षा. पोराच्या लेखी अपूर्णांकांतून सुटका. टोचणं वाढलं, म्हणजे नाव काहीही द्या, हे ऋण प्रबलन झालं. शिवाय त्याला बाहेर काढताच गलका थांबतो, म्हणून मॅडमचीही बाहेर काढायची सवय पक्की होते. कोण कोणाला शिकवतंय, हा प्रश्न मला तरी गमतीचा वाटतो.

खरी शिक्षा झाली तरी भरवसा कमीच. दांडी दाबणाऱ्या उंदराच्या पंजावर चापट बसेल, अशी सोय स्किनर यांनी केली होती, आणि 1938 मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. दाबणं काही काळ दबलं, पुढे ते उंदीर चापट न खाल्लेल्यांच्या बरोबरीला आले. छडीचा तर प्रश्नच नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं.

त्या पोराला सुटकाच हवी असेल, तर ती नीट मागून मिळू द्यावी. “मॅडम, हे जमत नाही” म्हटलं की दोन मिनिटं विसावा, मग सोपं उदाहरण सोबत बसून. प्रबलन तेच, ऋणच. फक्त आता वाढेल ते विचारणं.