निद्रावस्था व बाह्य हार्डडिस्कवरील बॅकअप

संगणक काही काळ वापराविना राहिला, लॅपटॉपचे झाकण मिटले किंवा वापरणाऱ्याने तशी आज्ञा दिली, की तो अत्यल्प विजेवर टिकून राहण्याच्या स्थितीत जातो. या स्थितीला निद्रावस्था, बोलण्यात ‘स्लीप’, असे म्हणतात. यूएसबीने जोडलेल्या बाह्य हार्डडिस्कच्या बाबतीत या अवस्थेतून तीन प्रकारच्या अडचणी उद्भवतात : जागे झाल्यावर डिस्क न दिसणे, तिच्यावरील लेखन अर्धवट राहणे आणि ठरलेल्या वेळेचा बॅकअप मुळात न होणे. पहिल्या दोन अडचणी लगेच लक्षात येतात. तिसरी मात्र जुनी फाइल परत हवी होते तेव्हाच उघड होते, म्हणून तीच सर्वांत घातक मानावी लागते. प्रस्तुत नोंदीत कारणे व निदान यांचा विचार केला असून वापराचे संदर्भ सोलापूर शहरातील आहेत.

उगम : निद्रावस्थेची सुरुवात कोठून मानावी याबद्दल एकमत नाही. काही लेखक टँडी कंपनीच्या मॉडेल १०० (१९८३) या वहीएवढ्या संगणकाकडे बोट दाखवतात. बंद केल्यावरही त्याच्या स्मृतीतील मजकूर बॅटरीवर टिकून राहत असे. परंतु तेथे स्मृती टिकत असली, तरी चालू कामाची स्थिती जपून ती पुन्हा उभी करणे हा आजच्या निद्रावस्थेचा गाभा त्यात पुरेशा स्पष्टपणे दिसत नाही. ॲपलच्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये (१९८९) तो दिसतो. इंटेलच्या ३८६एसएल या प्रक्रियकाने (१९९०) वीज-व्यवस्थापनासाठी स्वतंत्र कार्यरीत पुरवली, आणि १९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम हे वीज-व्यवस्थापनाचे मानक पुढे आणले. बाह्य डिस्कच्या दृष्टीने खरा टप्पा डिसेंबर १९९६ मधील एसीपीआय या मानकाचा समजणे अधिक सयुक्तिक वाटते. तोपर्यंत झोपेचा निर्णय मुख्यतः मदरबोर्डवरील बायोसकडे (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमकडे) होता. एसीपीआयने तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवला. कोणते उपकरण केव्हा झोपवायचे हे ठरवणारा बदलला आणि त्याबरोबर दोषाचे ठिकाणही बदलले. यूएसबीची पहिली आवृत्ती त्याच वर्षी, जानेवारी १९९६ मध्ये, आली होती. ही दोन मानके जवळजवळ एकाच काळात घडली, हे पुढील गुंतागुंत समजण्यासाठी ध्यानात ठेवावे.

अवस्थांचे प्रकार : एसीपीआयमध्ये एस-० (पूर्ण जागे) ते एस-५ (बंद) अशी श्रेणी आहे. नित्य व्यवहारात महत्त्व आहे ते एस-३ आणि एस-४ यांना. एस-३ मध्ये स्मृती विजेवर टिकते, बाकी बहुतेक भाग बंद पडतात. एस-४ म्हणजे हायबरनेट; त्यात स्मृतीतील सर्व काही अंतर्गत डिस्कवर उतरवून वीज तोडली जाते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये एस-३ नसतेच. त्याऐवजी पडदा बंद, पण आतून अधूनमधून जागणारी ‘मॉडर्न स्टँडबाय’ ही रीत असते. विंडोज ८ (२०१२) मधील कनेक्टेड स्टँडबाय हे तिचे पूर्वरूप होय. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर लागू पडलेला उपाय आपल्यावर लागू न पडण्याचे एक मोठे कारण या भेदात आहे.

यूएसबी जोडणीतील घडामोड : यूएसबी मार्गावर ३ मिलिसेकंद काहीही हालचाल झाली नाही, तर जोडलेल्या उपकरणाने स्थगित अवस्थेत गेले पाहिजे, असा मानकाचा दंडक आहे. यूएसबी २.० च्या मूळ मसुद्यानुसार या अवस्थेत उपकरणाने सर्वसाधारणपणे ५०० मायक्रोअँपिअर, आणि जादा वीज घेणाऱ्या व संगणकाला जागे करू शकणाऱ्या उपकरणाने २.५ मिलिअँपिअर, एवढाच प्रवाह घ्यायचा असतो. फिरत्या चकत्यांची हार्डडिस्क एवढ्यावर चालणे शक्यच नाही; म्हणजे चकत्या थांबवून, वाचन-लेखनशीर्षे उतरवून ठेवून डिस्कने स्वतःला आवरून घ्यावे लागते. हे काम केसिंगमधील एका छोट्या ब्रिज सर्किटकडे असते. एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला साटा (डिस्कची अंतर्गत जोडणी) अशी त्याची दुहेरी भूमिका आहे. संगणकाची सूचना डिस्कच्या भाषेत पोहोचवणे, डिस्क चकत्या फिरवून तयार होईपर्यंतचे काही सेकंद संगणकाला थोपवून धरणे, आणि पुष्कळदा स्वतःच्या वेळापत्रकाने डिस्क झोपवणे, ही कामे ते करते. हे शेवटचे वेळापत्रक विंडोजच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये दिसत नाही, त्यामुळे तेथील सर्व वेळा ‘कधीच नाही’ अशा ठेवूनही डिस्क दहा-पंधरा मिनिटांनी शांत होते.

जागे होताना मामला आणखी नाजूक होतो. संगणकाने झोपेतही पोर्टला ५ व्होल्ट चालू ठेवले असतील, तर डिस्क आपली ओळख न गमावता कामाला लागते. पोर्टची वीज तोडली गेली असेल, तर संगणकाच्या दृष्टीने ती डिस्क काढली गेली आणि नव्याने लावली गेली. बॅकअपचा प्रोग्रॅम जुन्या जोडणीकडे लिहीत राहतो आणि ‘डिव्हाइस नॉट रेडी’ असा निरोप येतो. क्वचित डिस्कला वेगळे ड्राइव्ह-अक्षर मिळते व प्रोग्रॅम जुन्याच अक्षराचा शोध घेत बसतो. चकत्या पुन्हा फिरवण्यासाठी लागणारा प्रवाह चालू स्थितीतील प्रवाहापेक्षा बराच जास्त असतो. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत, तर ३.० चा (२००८) ९०० मिलिअँपिअरपर्यंत देण्यास बांधलेला आहे. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर दोन पोर्टेबल डिस्क लावल्या, तर दोन्ही एकदम जाग्या होताना एखादी मागे पडते. अशा वेळी येणारी बारीक टकटक डिस्क संपल्याची खूण समजली जाते. ती तशी असू शकते, पण निष्कर्षाआधी हब काढून थेट पोर्टला लावून पाहणे आवश्यक आहे.

दोष नेमका कोणाचा, यावर तंत्रज्ञांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (वापरात नसलेले यूएसबी उपकरण स्थगित करणे) या सोयीला जबाबदार धरतो व ती बंद करण्याचा सल्ला देतो. दुसरा ब्रिज सर्किटमधील अपुऱ्या फर्मवेअरकडे (सर्किटमध्येच भरलेल्या प्रोग्रॅमकडे) बोट दाखवतो. सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केल्याने पुष्कळ ठिकाणी त्रास थांबतो हे खरे. पण तीच डिस्क, तोच संगणक ठेवून केवळ केसिंग बदलल्यावरही तो थांबल्याचे आढळते, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) विशिष्ट ब्रिज सर्किटांसाठी अपवादांची यादीच ठेवावी लागली आहे. जुन्या बल्क-ओन्ली पद्धतीत एका वेळी एकच आज्ञा जाई. नव्या यूएएस पद्धतीत अनेक आज्ञा रांगेत असतात, आणि काही सर्किटे ही रांग नीट सांभाळू शकत नाहीत, म्हणून त्यांना जुन्या पद्धतीवर परत आणले जाते. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या पक्षाचा उपाय उपयोगी असला, तरी तो मूळ दोष दूर करत नाही.

लेखनाची स्थिती : झोपण्यापूर्वी संगणकाने लेखनाची राखीव जागा (लिहिण्यापूर्वी मजकूर तात्पुरता ठेवण्याची स्मृती) डिस्कवर रिकामी करणे अपेक्षित असते. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाह्य डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मुळातच लागू असते व त्याने हानीची शक्यता घटली आहे. तरीही प्रत चालू असताना पोर्टची वीज गेली, तर एनटीएफएस ही फाइलरचना आपल्या नोंदवहीच्या आधारे बव्हंशी सावरते. एक्सफॅट या दुसऱ्या रचनेला अशी नोंदवही नसल्याने तेथे सगळे फोल्डर हरवू शकतात. ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा निरोप येतो तो येथे. त्याला होकार देऊ नये. मजकूर बहुधा जागेवर असतो, फक्त त्याची सूची बिघडलेली असते.

झोपलेल्या संगणकाची डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर वापरणे व पुन्हा पहिल्याला लावणे ही सवय याहून वाईट. लिनक्समध्ये जागे होताना डिस्कची ओळख उत्पादक, मॉडेल व अनुक्रमांक यांवरून पटवून ‘तीच डिस्क’ म्हणून काम पुढे चालू ठेवण्याची सोय आहे; मधल्या काळात आतला मजकूर बदलला आहे काय, हे तिला कळत नाही. पहिला संगणक आपल्या स्मृतीतील जुनी सूची नव्या मजकुरावर लिहून मोकळा होतो. विंडोज ८ पासूनच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’ हेसुद्धा अंशतः हायबरनेटच असते. म्हणून ‘संगणक बंदच होता’ हा खुलासा पुरेसा ठरत नाही. डिस्क इजेक्ट केली होती काय, एवढेच विचारावे.

न झालेला बॅकअप : विंडोजची फाइल हिस्टरी (२०१२) मूळ मांडणीत दर तासाला प्रत घेते, मॅकवरील टाइम मशीन (२००७) गेल्या २४ तासांच्या ताशी, महिन्याभराच्या दैनिक आणि त्यामागच्या साप्ताहिक प्रती राखते. झोपलेल्या तासांचे काय, हा प्रश्न दोन्हीकडे उरतो. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये संगणकाला जागे करून काम करण्याची आणि चुकलेले काम शक्य तितक्या लवकर उरकण्याची अशा दोन वेगळ्या खुणा आहेत. पहिली केली, तरी पॉवर ऑप्शन्समध्ये ‘वेक टायमर’ला (ठरल्या वेळी जागे होण्याला) परवानगी नसेल, तर ती निष्फळ ठरते. दुसरी खूण करणे फारच थोड्यांना सुचते. आपल्या मते तीच आधी करावी. ‘वीज जोडलेली असेल तरच’ ही अटही लॅपटॉपवर नकळत चालू राहते. चालू प्रत पूर्ण होईपर्यंत झोपू नको, अशी विनंती बॅकअपचा प्रोग्रॅम करू शकतो, पण झाकण मिटले की ती विनंती मागे पडते.

सोलापुरातील वापर : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आणि शहराच्या पूर्वभागात चादर व टॉवेल यांच्या नक्ष्या पूर्वी आलेख कागदावर उतरवून जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) छिद्रपट्ट्यांत बांधल्या जात. नक्षी म्हणजे गठ्ठा, आणि तो मांडणीवर दिसे. आता नक्षी फाइलमध्ये असते, इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला ती फाइलरूपातच द्यावी लागते, आणि जुन्या गिऱ्हाइकाने काही वर्षांनी तीच पुन्हा मागितली, तर ती एखाद्या बाह्य हार्डडिस्कवर शोधावी लागते. भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी चादरीच्या नक्ष्यांचा ठेवा असा एका केबलवर अवलंबून असणे ही गंभीर बाब आहे. तिचा विचार धंद्याच्या हिशेबापलीकडे जाऊन व्हायला हवा.

लग्नसराईत छायाचित्र स्टुडिओंचा भार उन्हाळ्यात येतो. एप्रिल-मेमध्ये शहराचा पारा पुष्कळदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, तर काही पोर्टेबल डिस्कचे उत्पादक भोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ३५ अंश सांगतात. रात्री प्रत लावून शटर ओढले, की अर्ध्या तासाने संगणक झोपतो, सकाळी अर्धीच प्रत मिळते, आणि तोवर कॅमेऱ्याचे कार्ड दुसऱ्या लग्नासाठी रिकामे केलेले असते. कार्ड रिकामे करण्यापूर्वी दोन्हीकडील फाइलींची संख्या व आकार ताडून पाहणे हाच येथे इलाज आहे.

लाईट जाणे हे निराळे प्रकरण. डेस्कटॉप एस-३ मध्ये असताना वीज गेली, तर स्मृतीतील काम नाहीसे होते. व्हिस्टापासून (२००७) उपलब्ध असलेली ‘हायब्रिड स्लीप’ स्मृतीची प्रत डिस्कवरही ठेवते, म्हणून ती चालू असावी. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो. पुष्कळ दुकानांत संगणक यूपीएसवर आणि हा अडॅप्टर साध्या सॉकेटवर असतो. वीज क्षणभर लुकलुकली की संगणकाला काही होत नाही, डिस्क मात्र नाहीशी होते आणि दोष स्लीपवर ढकलला जातो. करसल्लागारांकडे हा गोंधळ मार्चअखेरीस विशेष जाणवतो. २०११ पासून पाळला जाणारा जागतिक बॅकअप दिन नेमका ३१ मार्चला, म्हणजे आपल्याकडे सर्वांत कमी सवड असलेल्या दिवशी, येतो.

छोट्या पेढीसाठी सर्वांत भरवशाची रीत साधीच आहे : दुकान वाढवताना बॅकअप चालवावा, तो पुरा झाल्याचा निरोप वाचावा, डिस्क इजेक्ट करून काढून ठेवावी. जोडलेलीच नसलेली डिस्क झोपेत बिघडत नाही आणि रॅन्समवेअरच्या (खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हातीही लागत नाही. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत अन्यत्र हा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या नावे सांगितला जातो. प्रत अन्यत्र ठेवण्याची रीत मोठ्या संगणककेंद्रांत त्याआधीही होती, तेव्हा त्यांचे श्रेय सूत्र घडवण्याचे मानणे योग्य.

निदान : विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टिम नोंदी प्रथम पाहाव्यात. कर्नल-पॉवरची ४२ क्रमांकाची नोंद म्हणजे संगणक झोपेकडे वळला. डिस्कची १५७ म्हणजे ती अचानक काढली गेली. एनटीएफएसची ५५ म्हणजे सूचीत बिघाड. ४२ आणि १५७ यांच्या वेळा लागून असतील, तर कारण झोपेत आहे. १५७ भर कामाच्या वेळी एकटीच येत असेल, तर केबल, पोर्ट किंवा अडॅप्टर तपासावा. डिस्कच्या स्मार्ट माहितीतील (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या नोंदींतील) १९२ क्रमांकाचा आकडा वीज अवचित तुटून शीर्षे मागे घ्यावी लागल्याची संख्या दाखवतो. दर झोपेनंतर तो वाढत असेल, तर पोर्टची वीज तोडली जात आहे. पॉवरसीएफजी या आज्ञेने संगणकाला कोणत्या अवस्था उपलब्ध आहेत आणि कोण त्याला जागे ठेवत आहे हे समजते. मॅकवर हेच काम पीएमसेट करते, आणि कॅफिनेट ही आज्ञा चालू प्रतीपुरती झोप रोखते. लिनक्सवर सिस्टिमडी-इन्हिबिट आहे.

दुरुस्तीआधी मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा. ‘चेकडिस्क’ ही आज्ञा त्यानंतरची. केसिंग उघडून डिस्क थेट साटाला लावण्याचा उपाय जुन्या डिस्कवर चालतो. काही पोर्टेबल डिस्कमध्ये मात्र यूएसबीचे टोक डिस्कच्याच बोर्डावर जोडलेले असते, आणि काहींत ब्रिज सर्किट मजकूर कूटबद्ध करून लिहिते. तेथे ते सर्किट काढल्यास चकत्या धडधाकट असूनही मजकूर वाचता येत नाही.