ब्लड अँड क्रोम

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेची पूर्वकथा सांगणारा दूरचित्रवाणीपट. पूर्ण नाव ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका : ब्लड अँड क्रोम’. नावातले रक्त माणसांचे आणि क्रोम यंत्रमानवांचे. दिग्दर्शन जोनास पेट, पटकथा मायकल टेलर, संगीत बेअर मॅक्रिअरी. लांबी सुमारे दीड तास. एका नव्या मालिकेचा नमुना-भाग म्हणून २०११ मध्ये त्याचे चित्रीकरण झाले, पण ती मालिका कधीच निघाली नाही. ९ नोव्हेंबर २०१२ पासून तो दहा तुकड्यांत यूट्यूबवर आला, १० फेब्रुवारी २०१३ रोजी सायफाय वाहिनीने तो सलग दाखवला आणि १९ फेब्रुवारीला डीव्हीडी व ब्लू-रेच्या रूपात तो दुकानांत पोहोचला.

कथाविश्व

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही मूळची ग्लेन लार्सन यांची १९७८ सालची मालिका. रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आइक यांनी २००३ मध्ये ती नव्याने मांडली आणि पार काळवंडून टाकली. तिची चौकट अशी : बारा ग्रहांवर वसलेल्या माणसांनी कामाला आणि लढाईला यंत्रमानव बनवले. हे सायलॉन मालकांवर उलटले, बारा वर्षे युद्ध झाले, मग तह झाला आणि सायलॉन निघून गेले. पुढची चाळीस वर्षे त्यांचा काही मागमूस नव्हता. परत आले तेव्हा त्यांनी बाराही ग्रह अणुबॉम्बने उद्ध्वस्त केले. उरली ती जेमतेम पन्नास हजार माणसे आणि त्यांच्या राखणीला गॅलॅक्टिका ही एक म्हातारी युद्धनौका.

ती वाचली तीच मुळी जुनाट असल्यामुळे. नव्या नौकांचे संगणक एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे शत्रूने ते एका फटक्यात आंधळे केले. गॅलॅक्टिकावर मात्र संगणकांचे जाळे नव्हते. नौकेच्या या टोकाहून त्या टोकाला निरोप द्यायचा तर वायर लोंबणारा जाड रिसीव्हर उचलायचा. नकाशे कागदावर, हुकूम कागदावर. आणि या जगातल्या प्रत्येक कागदाचे चारही कोपरे कापलेले. कोपरे का कापलेत हे मालिका कधी सांगत नाही, पण दोन-चार भागांनंतर चौकोनी कागदच चुकीचा वाटू लागतो. बंदुकांतून लेझर सुटत नाहीत, गोळ्या सुटतात. परग्रहवासी मुळी नाहीतच. लष्करी विज्ञानकथा म्हणतात ती अशी, अंतराळात नेऊन ठेवलेली पाणबुडीची किंवा विमानवाहू नौकेची गोष्ट : अरुंद बोळ, पाळ्या, हुद्दे, दारूचा चोरटा साठा आणि वरून आलेले अर्धवट हुकूम.

मराठी प्रेक्षकाला या मालिकेत एक धक्का हमखास बसतो. शीर्षकगीत सुरू होते आणि चक्क ‘ॐ भूर्भुवः स्वः’ कानी पडते. गायत्री मंत्रच आहे तो, संथ, करुण चालीत बांधलेला. मालिकेतली माणसे पूजतात ग्रीक वळणाच्या देवांना, सायलॉनांचा देव एकच, आणि त्यांच्या महासंहाराच्या दारात सवितृदेवाची प्रार्थना. मुंजीत शिकलेला मंत्र अशा ठिकाणी भेटल्यावर माणूस क्षणभर रिमोट शोधतो.

कथानक

‘ब्लड अँड क्रोम’ घडते ते पहिल्या सायलॉन युद्धाच्या दहाव्या वर्षी. विल्यम ॲडामा (ल्यूक पास्क्वालिनो) प्रशिक्षण संपवून नुकताच गॅलॅक्टिकावर रुजू झाला आहे. पुढे म्हातारपणी एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी साकारलेला खरबरीत चेहऱ्याचा, मोजके बोलणारा सेनानी तो हाच. इथे मात्र तो पोरसवदा, देखणा आणि फाजील आत्मविश्वासाचा आहे. सुरुवातीलाच तो सायलॉन विमानांना धडाधड पाडताना दिसतो आणि मग कळते की हा सगळा पराक्रम सराव-यंत्रातला होता. पटकथेने आपल्या नायकाची इतक्या लवकर खोडी काढावी, हे फार छान जमले आहे.

त्याला हवे असते वायपर हे लढाऊ विमान. वाट्याला येते मालवाहू जातीचे रॅप्टर, नाव ‘वाइल्ड वीझल’. (व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या क्षेपणास्त्रांना मुद्दाम स्वतःवर ओढवून घेणाऱ्या अमेरिकी विमानांना हेच नाव होते. ते इथे उगीच आलेले नाही, हे शेवटी कळते.) सोबतीला कोकर फासजोविक (बेन कॉटन). सुटकेला ४७ दिवस उरलेले, जिवाला जपणारा, युद्धाला कंटाळलेला. एकाला लढाईत उडी घ्यायची घाई, दुसऱ्याला घरी जायची. चित्रपटातले सर्वांत जिवंत क्षण या दोघांच्या कुरबुरीत आहेत. बाकी पात्रे बोलतात तेव्हा कथा पुढे सरकते, हे दोघे बोलतात तेव्हा युद्ध दिसते.

कामगिरी वरकरणी साधी. बेका केली (लिली बोर्दान) या संगणकतज्ज्ञ बाईला एका ठिकाणी पोहोचवायचे. तिची पूर्वीची कंपनी ग्रेस्टोन, म्हणजे ज्यांनी सायलॉन घडवले तेच घराणे. वाटेत हुकूम बदलतो आणि शत्रूच्या हद्दीत ‘ओसायरिस’ या युद्धनौकेची गाठ घ्यायला सांगितले जाते. तिथे चकमक उडते, शत्रूच्या तळनौकेसह ओसायरिसही नष्ट होते. पण जाता जाता ॲडामाला दिसतो एक गुप्त ताफा. ज्या नौका बुडाल्या म्हणून सरकारने जाहीर केले होते, ज्यांच्या खलाशांसाठी घरोघर शोक झाला असेल, त्या चक्क शाबूत, तोफा सज्ज करून उभ्या.

पुढचा भाग जेर्बा नावाच्या गोठलेल्या चंद्रावर घडतो. कधीकाळी श्रीमंतांच्या बर्फातल्या सहलींचे ठिकाण, आता ओसाड. तिथे बर्फाखालून सापासारखे सरपटणारे एक सायलॉन यंत्र हल्ला करते. यंत्रे आता जिवंत शरीराशी खेळू लागली आहेत, याची ती पहिली खूण. मूर-आइक यांच्या मालिकेतले काही सायलॉन हुबेहूब माणसासारखे दिसतात. ते कसे झाले त्या वाटेवरचा हा एक टप्पा. तुकडीतून एकटा मागे उरलेला टॉथ हा सैनिक भेटतो. मग बेकाचे खरे रूप उघडे पडते. दोष माणसांचाच, असे तिचे ठाम मत झाले आहे. लष्कराची गुपिते शत्रूला दिली की युद्ध थांबेल, असा तिचा हिशेब आहे. आड आलेल्या कोकरवर ती गोळी झाडते आणि माहिती पाठवते. ज्यांच्यासाठी हे केले त्या सायलॉनांपैकीच एक अर्धवट घडलेला नमुना तिच्यासमोर येतो, तिचे ऐकून घेतो आणि तिला मारून टाकतो. त्या नमुन्याला आवाज दिला आहे ट्रिशिया हेल्फर यांनी. मालिकेत ‘सिक्स’ ही सायलॉन स्त्री त्यांनीच रंगवली होती, त्यामुळे जाणत्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो.

खरा घाव पुढे आहे. गॅलॅक्टिकाचा कमांडर सायलस नॅश (ब्रायन मार्किन्सन) ॲडामाला सांगतो की बेका फितूर आहे हे वरिष्ठांना आधीपासून ठाऊक होते. तिच्या हाती दिलेली माहितीच खोटी होती. ती शत्रूपर्यंत पोहोचावी आणि सायलॉन भलतीकडे धावावेत, म्हणजे तो गुप्त ताफा मोकळेपणी वार करील, एवढ्यासाठी ही कामगिरी. ॲडामा आणि कोकर हे आमिष होते, आणि आमिषाला कोणी विचारत नाही. त्यानंतर पोराला हवे असलेले वायपर मिळते. तो ते घेतो.

या शेवटामुळेच हा चित्रपट निव्वळ साहसपट राहत नाही. मूळ कथेच्या आरंभी, २००३ च्या लघुमालिकेत, सर्वस्व गमावलेल्या लोकांसमोर उभा राहून म्हातारा ॲडामा सांगतो की पृथ्वी नावाचा तेरावा मुलूख आहे आणि त्याची वाट आपल्याला माहीत आहे. ते धादांत खोटे असते. राष्ट्राध्यक्ष रॉझलिन त्याला एकांतात पकडतात, तेव्हा तो ते कबूलही करतो. जगायला लोकांना काहीतरी कारण लागते, एवढेच त्याचे म्हणणे. ‘ब्लड अँड क्रोम’ पाहिल्यावर कळते की अशा खोट्याची दीक्षा त्याला कुठे मिळाली. पूर्वकथा बहुधा नायकाचे जाकीट, टोपणनाव, व्रण कुठून आले ते सांगत बसतात. इथे एक सवय कुठून आली ते सांगितले आहे, आणि तेही बोट न दाखवता.

जुळवाजुळवीत खाचखळगे आहेतच. तरुण ॲडामाची लढाई २००७ च्या ‘रेझर’ या चित्रपटातही येते, पण तिथे ती युद्धाच्या शेवटच्या दिवशीची आणि नट वेगळा. तिथेही बर्फाळ जग, तिथेही सायलॉनांचे देहावरचे प्रयोग. दोन वर्षांच्या अंतराने माणूस दोनदा जवळपास तेच भयंकर पाहतो, हे जरा जास्तच झाले.

निर्मिती

दूरचित्रवाणीच्या भाषेत मालिकेच्या पहिल्या नमुना-भागाला पायलट म्हणतात. त्या अर्थाने हा पायलटचा पायलट. आधी विचार होता आंतरजालावरच्या छोट्या भागांचा. ऑक्टोबर २०१० मध्ये सायफायने दोन तासांच्या नमुना-भागाला मंजुरी दिली आणि त्याच महिन्यात ‘कॅप्रिका’ ही आधीची पूर्वकथा-मालिका बंद केली. ‘कॅप्रिका’ होती घराण्यांची, कोर्टकचेऱ्यांची, धर्माची गोष्ट. तीत तोफा फारशा वाजत नव्हत्या. वाहिनीला आता पुन्हा तोफा हव्या होत्या. रोनाल्ड मूर यांचा या वेळी सहभाग नव्हता, आइक होते.

जवळजवळ सगळे चित्रीकरण ग्रीन स्क्रीनपुढे झाले. मालिका २००९ मध्ये संपली तेव्हा गॅलॅक्टिकाचे लाकडी-लोखंडी सेट मोडले गेले होते. तेच बोळ, तोच नियंत्रणकक्ष आता गॅरी हट्झेल यांच्या चमूने संगणकात पुन्हा बांधला. ज्या नौकेवर संगणक-जाळ्याला बंदी, ती नौका पूर्णपणे संगणकात उभी राहावी, यातली गंमत सुटत नाही. अंतराळातल्या लढाया देखण्या उतरल्या आहेत आणि दृश्य-करामतींसाठी २०१३ मध्ये एमी पुरस्काराचे नामांकनही मिळाले. पण हातात कॅमेरा धरून काढलेल्या जुन्या मालिकेत भिंतींना जो मळ होता, तो इथे नाही. दिवा दिसला की त्याची निळी तिरीप पडद्यावर आडवी पसरते. पहिल्या दहा मिनिटांत तिचे कौतुक, मग डोळे चोळणे.

मार्च २०१२ मध्ये वाहिनीने मालिका करणार नसल्याचे स्पष्ट केले. तयार नमुन्याचे करायचे काय, हा प्रश्न उरला.

डिस्क आणि पडदा

उत्तर मिळाले मशीनिमा या यूट्यूब-वाहिनीत. व्हिडिओ-गेमच्या शौकिनांची ही वाहिनी. ‘हेलो ४’ या खेळाला जोडलेली ‘फॉरवर्ड अंटू डॉन’ ही लष्करी वेबमालिका तिथेच ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली होती. ‘ब्लड अँड क्रोम’चे दहा तुकडे पाडून तिथे सोडले गेले. सलग पाहतानाही हे सांधे जाणवतात : दर काही मिनिटांनी काहीतरी फुटते, कोणीतरी पडते, किंवा पडदा ऐन क्षणी काळा होतो.

घरच्या डिस्कला या मालिका-कुळात आधीपासून मान होता. ‘रेझर’ २४ नोव्हेंबर २००७ ला वाहिनीवर आला आणि दहाच दिवसांनी, ४ डिसेंबरला, वाढीव लांबीसह डीव्हीडीवर. ‘कॅप्रिका’चा पहिला भाग एप्रिल २००९ मध्ये डीव्हीडीवर विकला गेला, वाहिनीवर तो दिसला जानेवारी २०१० मध्ये. ‘द प्लॅन’ हा याच कुळातला चित्रपटही डिस्कवर ऑक्टोबर २००९ मध्ये आधी, पडद्यावर नंतर. चाहता वर्ग मोठा नसला तरी खरेदी करणारा असेल, तर निर्माते वाहिनीच्या आधी त्याच्या कपाटाचा विचार करतात. ‘ब्लड अँड क्रोम’ वाहिनीवर येऊन गेल्यावर नवव्या दिवशी दुकानात होता, आणि डिस्कवरची आवृत्ती होती ‘अनरेटेड’, म्हणजे वाहिनीची कात्री न लागलेली.

मशीनिमाने आपल्या वाहिनीवरचे व्हिडिओ जानेवारी २०१९ मध्ये खासगी करून टाकले आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने गाशा गुंडाळला.