पासपोर्टवर इंडियन, कायद्यात नॉन-इंडियन : नवाहो नेशनमध्ये कुठलं काम कुठल्या कचेरीत?

फ्लॅगस्टाफहून उत्तरेला निघालं की कॅमेरॉन यायच्या आधीच नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या मूलनिवासी जमातीचं स्वतःचं सरकार असलेलं राखीव क्षेत्र, सुरू होतं. कोकोनिनो काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) मात्र तिथे संपत नाही. पुढचे कित्येक मैल तुम्ही एकाच वेळी दोन्हीकडे असता, आणि अ‍ॅरिझोना राज्यातही असता. मॉन्युमेंट व्हॅली पाहायला येणाऱ्या मराठी कुटुंबाला हा घोळ सहसा कळतच नाही. कळतो तो काही अडल्यावर: परवाना चुकीच्या ठिकाणी काढला गेला, गाडी ठोकली गेली, किंवा चिन्ली, ट्यूबा सिटीत नोकरी लागली आणि भाड्याने घर शोधायची वेळ आली.

आपल्याकडे जिल्हा परिषदेखाली पंचायत समिती आणि तिच्याखाली ग्रामपंचायत अशी उतरंड असते. तसं इथे नाही. नेशन काउंटीच्या हाताखाली नाही आणि काउंटी नेशनच्या हाताखाली नाही. १ जून १८६८ चा करार नवाहोंनी थेट अमेरिकी सरकारशी केला. काउंटी हे राज्याचं अपत्य आहे. दोघांची हद्द एकमेकींवर पसरलेली आहे, पण अधिकाराचे झरे वेगळे. नेशनचं क्षेत्र सुमारे २७,००० चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव भागाएवढं. ते अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत आणि त्यांच्या अनेक काउंट्यांत विभागलेलं आहे. राजधानी विंडो रॉक, २४ सदस्यांची कौन्सिल, स्वतःचे पोलिस, स्वतःची न्यायालयं, आणि गावपातळीवर ११० चॅप्टर. चॅप्टर म्हणजे साधारण आपली ग्रामसभा आणि तिचं चावडीवजा कार्यालय.

आधी जमीन, मग माणूस

कुठलाही अर्ज भरायच्या आधी दोन गोष्टी विचारायच्या. जमीन कुणाची? आणि संबंधित माणूस कायद्याच्या भाषेत ‘इंडियन’ आहे का?

इथेच आपली गंमत होते. तुमच्या पासपोर्टवर मोठ्या अक्षरांत इंडियन लिहिलेलं असतं. पण इथल्या फौजदारी कायद्यात इंडियन म्हणजे वॉशिंग्टनने मान्यता दिलेल्या एखाद्या मूलनिवासी जमातीचा माणूस. नागपूरचा देशपांडे असो की सांगलीचा पाटील, या कायद्यापुढे तो नॉन-इंडियन. फॉर्मवर ‘इंडियन आहात का’ या रकान्यात अभिमानाने हो लिहू नका. नवाहो सदस्यत्वासाठी किमान पाव नवाहो रक्त लागतं, आणि त्याचा दाखला असतो.

जमिनीचंही तसंच. राखीव क्षेत्रातली बहुतेक जमीन ट्रस्टची, म्हणजे मालकी अमेरिकी सरकारच्या नावावर आणि वहिवाट जमातीची. तिच्यावर काउंटीला मालमत्ता कर लावता येत नाही आणि तिचा सातबारा, म्हणजे तसल्या प्रकारची नोंद, काउंटी रेकॉर्डरकडे सापडत नाही. ती केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ इंडियन अफेअर्सच्या दप्तरात असते. मात्र राखीव हद्दीच्या आतही अधूनमधून खासगी मालकीचे तुकडे आहेत, त्यांना फी लँड म्हणतात. न्यू मेक्सिकोच्या बाजूला तर ट्रस्टची जमीन, वैयक्तिक वाटपाची, राज्याची, केंद्राची आणि खासगी जमीन शेजारी-शेजारी आहे. लोक त्या पट्ट्याला चेकरबोर्ड म्हणतात. तिथे कुंपण ओलांडलं की पोलिस, कर आणि कचेरी तिन्ही बदलू शकतात.

फिरायला जाणाऱ्यांसाठी

यासाठी पात्रतेची भानगड नाही. व्हिसा कुठला हेही कुणी विचारत नाही. लागतं ते एवढंच: ओळखपत्र, प्रत्येक माणसाचा परवाना आणि फी. मॉन्युमेंट व्हॅली हे जमातीचं पार्क आहे, १९५८ पासून. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही. गेटवर वाद घालून काही मिळणार नाही. पायी भटकंती किंवा तंबू ठोकायचा असेल तर नवाहो पार्क्स अँड रिक्रिएशन विभागाचा वेगळा परवाना आधी काढावा लागतो. फी बदलत राहते, म्हणून आदल्या आठवड्यात विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. मासेमारीला राज्याचं लायसन्स पुरत नाही, नेशनचं लागतं.

अँटेलोप कॅनियनमध्ये वाटाड्याशिवाय प्रवेशच नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये लोअर अँटेलोपमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले. तिथे उभं राहिलं तर डोक्यावर आभाळ निळं असतं आणि पाऊस मैलोन्‌मैल लांब पडत असतो. बुकिंग रद्द झाल्याचा फोन आला तर चिडण्याआधी हे आठवा.

कॅनियन डी शे हा अजून एक नमुना. १९३१ पासून राष्ट्रीय स्मारक, गणवेशातले रेंजर केंद्र सरकारचे, पण जमीन नवाहोंची आणि दरीत कुटुंबं राहतात, शेती करतात. वरच्या कड्यावरून गाडीने पाहायला मोकळीक. खाली उतरायचं तर अधिकृत नवाहो वाटाड्या आणि परवाना दोन्ही लागतात.

दारू विकणं आणि बाळगणं यावर नेशनमध्ये सर्वसाधारणपणे बंदी आहे. पार्कांत ड्रोन उडवायचा नाही. आणि लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. व्यावसायिक चित्रीकरणाला, प्री-वेडिंग शूटवाल्यांनो, विंडो रॉकहून वेगळी परवानगी लागते.

गाडी ठोकली, पोलिसाने अडवलं

या भागाबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर.

रस्त्यावर तुम्हाला तीन गणवेश दिसू शकतात: नवाहो पोलिस, राज्याचे हायवे पेट्रोल आणि काउंटीचा शेरीफ किंवा त्याचा डेप्युटी. हा शेरीफ मुंबईच्या नगरपालासारखा शोभेचा नव्हे. तो निवडून आलेला, पिस्तूल बाळगणारा अधिकारी असतो. एकमेकांच्या माणसांना अधिकार देणारे करार काही ठिकाणी असतात, त्यामुळे एकाच पोलिसाच्या खिशात दोन सरकारांची ओळखपत्रं असू शकतात.

‘जमातीच्या न्यायालयाला आपल्याला शिक्षा देता येत नाही’ ही ऐकीव गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑलिफंट खटल्यात तसं ठरवलं. पुढे काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, घरगुती हिंसाचारासारखे थोडे अपवाद केले. पण त्यातून ‘म्हणजे नवाहो पोलिसाला थांबायची गरज नाही’ असा अर्थ काढणारा माणूस अडचणीत येतो. २०२१ च्या कूली खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितलं की राखीव क्षेत्रातल्या सार्वजनिक रस्त्यावर जमातीचा पोलिस नॉन-इंडियनला संशयावरून थांबवू शकतो, झडती घेऊ शकतो आणि योग्य यंत्रणेच्या हवाली करेपर्यंत रोखून ठेवू शकतो. तेव्हा थांबा, लायसन्स, गाडीची नोंदणी आणि विमा दाखवा, आणि हद्दीचा वाद तिथे काढू नका.

खटला कुठे चालतो, हे गुन्हा कुणी कुणाविरुद्ध केला यावर ठरतं. नॉन-इंडियनने नॉन-इंडियनविरुद्ध केला तर राज्याकडे, म्हणजे व्यवहारात काउंटीकडे. नॉन-इंडियनने नवाहो माणसाविरुद्ध केला तर केंद्राकडे, आणि २०२२ च्या कॅस्ट्रो-हुएर्टा निकालानंतर राज्याकडेही. नवाहोने नवाहोविरुद्ध केलेला किरकोळ गुन्हा नेशनच्या न्यायालयात. खुनासारखा गंभीर असेल तर १८८५ च्या कायद्याने केंद्राकडे, म्हणून खेड्यातल्या खुनाच्या तपासाला तिथे एफबीआय येते. कॅलिफोर्निया, मिनेसोटा, विस्कॉन्सिन अशा राज्यांत राखीव क्षेत्रातले गुन्हे राज्याकडे सोपवणारा १९५३ चा पब्लिक लॉ २८० लागू असल्याने गणित वेगळं आहे. तिथला अनुभव इथे लावू नका.

अपघाताची नुकसानभरपाई हा दिवाणी भाग. राज्य महामार्गावर दोन बिगर-सदस्यांच्या गाड्या ठोकल्या तर दावा राज्याच्या न्यायालयात, हे १९९७ मध्ये स्ट्रेट खटल्यात ठरलं. आतल्या कच्च्या रस्त्यावर, नवाहो कुटुंबाच्या गाडीला तुम्ही धडकलात तर चित्र बदलतं. विमा कंपनीला फोन करताना फक्त गावाचं नाव सांगू नका. रस्त्याचा क्रमांक, मैलाचा दगड आणि पोलिस रिपोर्ट कुठल्या खात्याने लिहिला ते नोंदवून ठेवा. रिपोर्टची प्रतही त्याच खात्याकडून मागवावी लागते. शेरीफच्या कचेरीत नवाहो पोलिसांचा कागद मिळत नाही.

आणि एक हत्यार जमातीकडे आहेच. तुरुंगात टाकता आलं नाही तरी उपद्रवी बिगर-सदस्याला हद्दीबाहेर काढता येतं. आपल्याकडच्या तडीपारीसारखंच.

नोकरी आणि घर

व्हिसा जमात देत नाही, काउंटीही नाही. तो केंद्राचा विषय. पुढची कागदपत्रं मात्र मालक कोण यावर फिरतात. एकाच गावात तीन प्रकारच्या शाळा असू शकतात: राज्याच्या पैशावर चालणारी स्कूल डिस्ट्रिक्टची, केंद्राच्या ब्यूरो ऑफ इंडियन एज्युकेशनची, आणि केंद्राच्या अनुदानावर जमातीच्या मंडळाने चालवलेली. अ‍ॅरिझोनात डिस्ट्रिक्टच्या शाळेत शिकवायचं तर राज्याचं शिक्षक प्रमाणपत्र आणि फिंगरप्रिंट क्लिअरन्स कार्ड लागतं. दुसऱ्या दोन प्रकारांत केंद्राच्या कायद्यानुसार पार्श्वभूमीची चौकशी होते. इंडियन हेल्थ सर्व्हिसच्या रुग्णालयात डॉक्टरला कुठल्याही राज्याचं वैद्यकीय लायसन्स चालतं, कारण मालक केंद्र सरकार आहे. नेशनच्या हद्दीत नोकरभरतीत नवाहो उमेदवाराला प्राधान्य देणारा १९८५ चा कायदा आहे. डावललं गेलं अशी तक्रार करण्याआधी तो वाचा.

ट्रस्टच्या जमिनीवर घर विकत घेता येत नाही, कारण ती जमीन विकायला नाहीच. होमसाइट लीज हा एक मार्ग, पण तो नोंदलेल्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या नवाहो सदस्यासाठी, एक एकरापर्यंत. त्याची कागदपत्रं पाहिली तरी ही व्यवस्था कशी चालते ते समजतं: नवाहो रक्ताचा दाखला, त्या जागेवर चराईचा हक्क असणाऱ्याची लेखी संमती, नोंदणीकृत मोजणीदाराचा नकाशा, पुरातत्त्व आणि जीवसृष्टीबाबतची ना-हरकत, मग नेशनच्या भूमी विभागाची मंजुरी. मेंढ्या चारणाऱ्या आजीने सही दिली नाही तर नकाशा कितीही सुबक असो, काम अडतं. मला ही अट फार आवडते. बाहेरून येणारे शिक्षक, डॉक्टर बहुतेक शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या क्वार्टर्समध्ये राहतात, म्हणून नोकरीची ऑफर स्वीकारतानाच क्वार्टर लेखी मागून घ्या.

वाहन नोंदणी आणि ड्रायव्हिंग लायसन्स राज्याचं. मतदार नोंदणी काउंटीकडे, अर्थात अमेरिकी नागरिक असाल तरच. जमातीच्या निवडणुकीत सदस्यांनाच मत. नवाहोंना मात्र दोन्हीकडे मत आहे, आणि ते सहज मिळालेलं नाही. नागरिकत्व १९२४ चं, अ‍ॅरिझोनात मतदानाचा हक्क मिळायला १९४८ उजाडलं. युटाच्या सान हुआन काउंटीत २०१८ मध्ये विली ग्रेआइज या नवाहो उमेदवाराचं नाव, तो काउंटीचा रहिवासी नाही म्हणून, मतपत्रिकेवरून काढलं गेलं. केंद्रीय न्यायालयाने ते परत घालायला लावलं, आणि ग्रेआइज निवडून आले. त्यानंतरच्या खटल्यात, त्यांची नाळ नवाहो माउंटनपाशी पुरलेली आहे, हेही न्यायालयापुढे आलं. रस्त्याचं नाव आणि घरक्रमांक नसलेल्या मुलखात ‘राहता कुठे’ या रकान्यात काय लिहायचं, हा तिथे साधा प्रश्न नाही. काउंटीच्या अर्जात म्हणूनच घराची जागा नकाशा काढून दाखवायची सोय असते.

दुकान टाकायचं म्हणत असाल तर

ट्रस्ट जमिनीवर धंद्याला बिझनेस साइट लीज लागते. सुरुवात चॅप्टरपासून: त्यांचा पाठिंब्याचा ठराव, मग नेशनच्या आर्थिक विकास खात्याच्या प्रादेशिक कचेरीत व्यवसायाचा आराखडा, आर्थिक पत्रकं, मोजणी आणि पर्यावरण-पुरातत्त्वाचे अहवाल. नवाहो अर्जदाराला अग्रक्रम असतो. २००० सालच्या कायद्याने मंजूर नियमांच्या चौकटीत नेशन स्वतः लीज मंजूर करू शकतं, प्रत्येक कागद वॉशिंग्टनला धाडावा लागत नाही. तरीही घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये. कायेंटात तर टाउनशिपचं वेगळं स्थानिक प्रशासन आहे, म्हणजे आणखी एक टेबल.

आणि उधारी देताना गनाडोच्या दुकानदाराची गोष्ट लक्षात ठेवा. त्याने नवाहो दांपत्याला उधारीवर माल दिला आणि वसुलीसाठी अ‍ॅरिझोनाच्या न्यायालयात दावा लावला. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं: व्यवहार राखीव क्षेत्रात झाला, गिऱ्हाईक नवाहो, तर दावा जमातीच्या न्यायालयातच. उलट, कॅमेरॉनच्या ट्रेडिंग पोस्टवर उतरणाऱ्या पाहुण्यांवर नेशनने लावलेला ८ टक्के हॉटेल कर २००१ मध्ये रद्द झाला, कारण ती जागा हद्दीच्या आतली खासगी फी लँड होती आणि पाहुणे बिगर-सदस्य. पुन्हा तेच दोन प्रश्न: जमीन कुणाची, माणूस कोण.

म्हणून लीजच्या आधी जमिनीचा प्रकार लेखी विचारून घ्या, काउंटी असेसरकडे (मालमत्ता कराची आकारणी करणारा अधिकारी) आणि नेशनच्या भूमी विभागाकडे, दोन्हीकडे. एकाच दिवसात दोन्ही कचेऱ्या उरकायचा बेत असेल तर घड्याळ पाहा. नेशन उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं, बाकीचं अ‍ॅरिझोना करत नाही, आणि नेशनच्या पोटात वसलेलं होपी जमातीचं क्षेत्रही करत नाही. तेव्हा नेशनच्या हद्दीबाहेरच्या होलब्रुकच्या काउंटी कचेरीत १० वाजलेले असतात तेव्हा विंडो रॉकला ११ झालेले असतात. जेवणाच्या सुट्टीआधी खिडकीपाशी पोचायचं असेल तर तो तास आधीच वजा धरून निघा.