यकृतजन्य मस्तिष्कविकारावरील वनस्पतिजन्य संयुगे

यकृत निकामी होऊ लागले, किंवा आतड्याकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून थेट शरीरभर फिरू लागले, की मेंदूच्या कामात जो बिघाड होतो त्याला यकृतजन्य मस्तिष्कविकार किंवा हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. या विकारावर वनस्पतींतील संयुगांचा उपयोग होईल का, याचा शोध काही दशके चालू आहे. प्रयोगशाळेतले निष्कर्ष भरपूर आहेत, रुग्णांवरील पुरावा तुटपुंजा आहे. यकृतरोगतज्ज्ञांच्या युरोपीय व अमेरिकी मार्गदर्शिकांमध्ये या विकारावरचा उपचार म्हणून अशा एकाही संयुगाची शिफारस नाही.

विकाराच्या मुळाशी प्रामुख्याने अमोनिया असतो. आतड्यातील जिवाणू युरिया फोडतात, आतड्याच्या अस्तरातील पेशी ग्लुटामिन वापरतात, आणि दोन्हींतून अमोनिया सुटतो. निरोगी यकृत त्याचा युरिया बनवते. हे युरियाचक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडले. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कायमचे व्रणग्रस्त व कडक झाल्यावर, हे काम अर्धवट राहते आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. तिथल्या ॲस्ट्रोसाइट या आधारपेशी त्याचे ग्लुटामिन करून टाकतात, पण साठलेल्या ग्लुटामिनमुळे पेशीत पाणी शिरते आणि ती फुगते. भरीला जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर तेवढ्याच अमोनियाचा परिणाम कितीतरी तीव्र होतो. त्यामुळे रक्तातील अमोनियाच्या नुसत्या आकड्यावरून विकाराची तीव्रता ठरवता येत नाही.

सुरुवात फसवी असते. रात्रीची झोप उडते आणि दिवसा डुलक्या लागतात, साधे हिशेब चुकू लागतात. कागदावर विखुरलेले १ ते २५ अंक रेषेने क्रमवार जोडायला दिले तर नेहमीपेक्षा बराच वेळ लागतो. पुढच्या टप्प्यात दोन्ही हात समोर ताणून मनगटे वर वाकवून धरायला सांगितली, तर पंजे मध्येच खाली पडतात आणि झटक्यात पुन्हा वर येतात. शेवटच्या टप्प्यात रुग्ण कोमात जातो.

रूढ उपचारांचा रोख आतड्यावर आहे. लॅक्टुलोज ही दुधातील साखरेपासून बनवलेली कृत्रिम साखर मोठ्या आतड्यात आम्लता वाढवते, अमोनियाला तिथेच अडकवते आणि पोट साफ ठेवते. तेवढ्याने भागले नाही तर जोडीला रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक देतात. अमेरिकेत या विकारासाठी त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. पण फुगलेल्या मेंदूपेशींना थेट सावरणारे खात्रीचे औषध नाही. वनस्पतिजन्य संयुगांबद्दलची आशा याच रिकाम्या जागेतून आली आहे.

अभ्यासात वारंवार येणारी नावे म्हणजे हळदीतील कुरकुमिन, दूधकाटेरीच्या (मिल्क थिसल) बियांतील सिलिमारिन, द्राक्षांच्या सालीतील रेझवेराट्रॉल, कांद्यातील क्वेर्सेटिन, लिंबूवर्गीय फळांतील नॅरिंजिन व हेस्पेरिडिन, दारुहळदीतील बर्बेरिन आणि गांजाच्या झाडातील, नशा न आणणारे कॅनाबिडिऑल. बहुतेकांबद्दलचा दावा सारखाच असतो: ऑक्सिडीकरणाचा ताण कमी होतो, पेशींची संरक्षक यंत्रणा जागी होते, दाह घडवणारे संकेत मंदावतात. इतक्या वेगवेगळ्या रेणूंकडून नेमके तेच फळ मिळावे, याने खरे तर थोडे सावध व्हायला हवे.

प्रयोग कसा होतो ते पाहिले की या सावधपणाचे कारण कळते. उंदरांना थायोॲसिटामाइड हे रसायन टोचतात. काही दिवसांत यकृत निकामी होते, रक्तात अमोनिया चढतो आणि प्राणी सुस्तावतो. मग त्याला गढूळ केलेल्या पाण्याच्या गोल हौदात सोडतात आणि पाण्याखाली दडवलेला चौथरा शोधायला किती वेळ लागतो ते मोजतात. संयुग मिळालेले उंदीर चौथरा लवकर शोधतात आणि शोधनिबंध तयार होतो. मेख अशी की थायोॲसिटामाइड मुळात यकृताचे विष आहे, आणि तेही यकृतातील विकरांनी (एन्झाइमांनी) त्याचे रूपांतर केल्यावरच विषारी ठरते. संयुग विषाच्या आधी किंवा सोबत दिले आणि त्याने तीच विकरे रोखली, तर विष तयारच होणार नाही. यकृत वाचले म्हणून मेंदूही वाचला, एवढेच त्यातून सिद्ध होते. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाचे यकृत मात्र आधीच बिघडलेले असते.

त्यामानाने पित्तनलिका बांधून केलेले किंवा शस्त्रक्रियेने रक्ताची वाट वळवून केलेले प्रयोग अधिक बोलके आहेत, कारण तिथे अडवण्याजोगे बाहेरचे विष नसते. कॅनाबिडिऑलने पित्तनलिका बांधलेल्या उंदरांच्याही आकलनात सुधारणा दाखवली आहे, म्हणून त्याचा पुरावा इतरांपेक्षा थोडा वजनदार मानावा लागतो. तरी तो उंदरांपुरताच आहे.

माणसांमध्ये सर्वाधिक तपासले गेले ते सिलिमारिन, पण सिरॉसिससाठी. मस्तिष्कविकार हे त्या चाचण्यांचे मुख्य लक्ष्य नव्हते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्ण अधिक काळ जगल्याचे दिसले, १९९८ मधल्या चाचणीत तो फायदा आढळला नाही. सिलिमारिनमधील सिलिबिनिन हा घटक शिरेतून देण्याचा उपयोग होतो तो ॲमानिटा या विषारी अळंबीच्या विषबाधेत. चीनमध्ये रेवंदचिनीच्या मुळाच्या काढ्याचा एनिमा वापरतात. त्याचा गुण बव्हंशी रेचक असावा, म्हणजे लॅक्टुलोजच्याच वाटेचा. वनस्पतींचा त्यातल्या त्यात भरवशाचा उपयोग शुद्ध संयुगांतून नव्हे, आहारातून पुढे आला आहे. मांसातील प्रथिनांपेक्षा डाळी-धान्यांतील प्रथिने या रुग्णांना जास्त मानवतात, कारण त्यांच्यासोबत तंतू येतात आणि पोट हलते राहते. पूर्वी अशा रुग्णांची प्रथिने तोडत असत. आता दररोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे सांगतात, कारण स्नायू टिकले तर तेही अमोनिया शोषून घेतात.

मोठी अडचण मात्रेची आहे. तोंडावाटे घेतलेले कुरकुमिन रक्तात नगण्य पोचते. मिऱ्यातील पिपेरिन जोडून शोषण वाढवले की धोकाही वाढतो: अशा गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि एचएलए-बी*३५:०१ हे जनुकरूप असलेल्यांत त्या अधिक आढळतात. हिरव्या चहाच्या तीव्र अर्काचीही तीच कथा. बर्बेरिन औषधे पचवणाऱ्या विकरांना अडथळा करते, तेव्हा आधीच अनेक गोळ्या घेणाऱ्या रुग्णात त्यांची पातळी अनपेक्षित चढू शकते. झोपेसाठी घेतली जाणारी व्हॅलेरियन आणि कावा ही मुळे तर या विकारात टाळावीत. मेंदूला शांत करणारी गाबा यंत्रणा इथे आधीच प्रमाणाबाहेर सक्रिय असते, आणि कावामुळे तीव्र यकृतनिकामीपणा येऊन यकृतारोपण करावे लागल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.