कोडमधला लव्हेंडर आणि डोळ्यांसमोरचा लव्हेंडर

अ‍ॅप, लग्नपत्रिका, साड्यांचे कॅटलॉग असं कुठेही पाहा, राखाडी झाक असलेला फिकट जांभळा दिसतोच. ग्राहक तो ‘लव्हेंडर’ म्हणून मागतो. पण वेब डिझायनरने सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, हेच नाव लिहिलं, तर पडद्यावर जेमतेम निळसर छटेचा पांढरा उमटतो. ही तफावत समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

शंखांपासून काढलेला राजेशाही जांभळा इथे बाजूला ठेवू. फिकट जांभळा सामान्यांच्या कपाटात पोहोचला तो १८५६ नंतर. त्या वर्षी लंडनमध्ये क्विनाइन कृत्रिमरीत्या बनवण्याची खटपट करणाऱ्या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या भांड्यात काळा गाळ उरला. तो अल्कोहोलमध्ये विरघळला आणि जांभळा रंग सापडला. पुढे या रंगाला फ्रेंच भाषेतल्या एका फुलाचं नाव मिळालं : मोव्ह. १८५८ मध्ये इंग्लंडच्या राणीने मुलीच्या लग्नात मोव्ह नेसला आणि तो फॅशनमध्ये आला. तिकडे दुखवट्याचे काळे कपडे उतरवल्यावर काही काळ राखाडी, मोव्ह आणि लव्हेंडर वापरायची रीत होती. राखाडी आणि जांभळा यांची सोबत तेव्हापासूनची.

खरा घोळ झाला संगणकावर. १९८० च्या दशकात युनिक्स यंत्रांवर पडद्यावरच्या खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीसाठी रंगांच्या नावांची एक फाइल तयार होत गेली. तीत ‘लव्हेंडर’ची किंमत, ० ते २५५ या मापात, आहे लाल २३०, हिरवा २३०, निळा २५०. फाइलमधले त्याचे शेजारी पाहिले की उलगडा होतो : वरखाली सगळे पांढऱ्याच्या जवळपासचे, पार्श्वभूमीला चालणारे रंग आणि थोडं पुढे साक्षात पांढरा. म्हणजे नाव फुलाचं, काम भिंतीच्या रंगाचं. जांभळ्यांच्या रांगेत त्याला कधी बसवलंच नव्हतं.

हीच यादी ब्राउझरांनी उचलली, २००१ मध्ये ती एसव्हीजी या वेबवरच्या चित्रांच्या मानकात आली आणि २०११ मध्ये सीएसएसच्या रंगांच्या मानकात पक्की झाली. यादी विसंगत आहे, हा आक्षेप तेव्हाही होता. तीत ‘डार्क ग्रे’ हा ‘ग्रे’पेक्षा उजळ आहे, यावरून काय ते कळावं. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की असंख्य पानं याच नावांवर उभी आहेत, किंमत बदलली तर ती विस्कटतील. किंमत न बदलण्याचा मुद्दा मला पटतो. पण भर घालायला कोणाची आडकाठी होती? २०१४ मध्ये सहा वर्षांच्या एका मुलीच्या स्मरणार्थ १०२, ५१, १५३ हा गडद जांभळा यादीत आला, आणि तो योग्यच निर्णय होता. राखाडी लव्हेंडरला मात्र आजही जागा नाही. मोव्ह तर यादीतच नाही. त्यातल्या त्यात राखाडी झाकेचा ‘थिसल’, म्हणजे एका काटेरी रोपाच्या नावाचा रंग, आणि तोही फारच फिका.

त्यामुळे हा रंग आकड्यांवरच जगतो. बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोरचा लव्हेंडर १५०, १२३, १८२ च्या आसपास असतो. त्यावर पांढरी अक्षरं सुंदर दिसतात, म्हणून बटणांवर सर्रास टाकली जातात; पण अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं प्रमाण साधारण ३.६ भरतं. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून २००८ पासून असलेल्या सुगम्यतेच्या निकषांत बारीक मजकुराला किमान ४.५ लागतं. काळ्या अक्षरांना तेच प्रमाण ५.८ च्या घरात जातं. कमी दिसणाऱ्या माणसाला ‘पैसे भरा’ वाचता येतं की नाही, हे इथे ठरतं.

आपल्याकडे तर जांभळापासून आलेला ‘जांभळा’ हा एकच शब्द सगळा भार वाहतो. नवरात्रात जांभळ्याच्या दिवशी लोकलच्या डब्यात वांग्याच्या रंगाची साडी आणि राखाडी लव्हेंडरचा कुर्ता शेजारी बसतात, दोन्ही जांभळेच. दुकानात गेल्यावर मात्र ‘लव्हेंडर दाखवा’ म्हणावं लागतं आणि ठाणावर बोट ठेवून सांगावं लागतं : हा नाही, त्याच्या शेजारचा, जरा मळखाऊ.