गाळ्यातल्या हॉस्टेलला बेड घेताय? आधी बिल्डिंगचे कागद बघा, मग तुमचे द्या

मामेभावासाठी मुंबईत साकीनाक्याला एक स्टुडंट हॉस्टेल बघायला गेलो, मूळचा कारखान्याचा गाळा, आता आत बंक बेड, एसी, वायफाय सगळं झकास, पण वर जायला अजून तीच मालाची लिफ्ट आणि जिना एकच. मॅनेजरने आल्याआल्या आधार मागितलं, मी म्हटलं थांब, आधी तुझे कागद दाखव.

ओसी, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेलं भोगवटा प्रमाणपत्र, बघायची. त्यावर इंडस्ट्रियल वापर लिहिलेला असेल तर राहण्यासाठी वापर बदलायची महापालिकेची परवानगी आहे का ते विचारायचं, आणि उत्तर गोलमोल आलं तर लाईटबिल मागायचं, कॅटेगरी त्यावर छापलेलीच असते. दुसरं म्हणजे फायरचा बी फॉर्म, म्हणजे बिल्डिंगची आग विझवायची यंत्रणा चालू आहे असं लायसन्सवाल्या एजन्सीचं प्रमाणपत्र. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार तो दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावा लागतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा फ्रेम करून लावलेला असेल तर उपयोग शून्य. कमला मिल कंपाउंडात डिसेंबर २०१७ मध्ये आगीत १४ जण गेले, मिलच्या जागेत नवा धंदा म्हटलं की मला तेच आठवतं.

आता तुमचे कागद. आधार, पॅन, फोटो, कॉलेजची ॲडमिशन पावती किंवा बोनाफाईड, आईवडिलांपैकी एकाचं आधार. वय १८ च्या खाली असेल तर करारावर सही पालकांची. पोलीस व्हेरिफिकेशनची माहिती मालकाने द्यायची, त्यासाठी तुमच्याकडून वेगळे पैसे मागितले तर सरळ पावती मागा.

'आम्ही फक्त रिसीट देतो' म्हणाले तर मात्र ऐकू नका. लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा ११ महिन्यांचा भाडेकरार, लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे, भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ऑनलाइन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, दोन साक्षीदार लागतात. स्टँप ड्युटी ०.२५ टक्के, भाडं १५,००० आणि डिपॉझिट ६०,००० असेल तर ११ महिन्यांचे जेमतेम सव्वाचारशे रुपये होतात, वर मुंबईत रजिस्ट्रेशन फी १,०००. एजंटचं वेगळं. कोण भरणार ते बेड बुक करायच्या आधीच बोलून घ्या, लॉक-इन (किती महिने जागा सोडता येणार नाही) आणि डिपॉझिट किती दिवसात परत तेही करारातच लिहून घ्या.

अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असाल, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नसेल तर स्वाधार योजनेचा अर्ज भराच, मुंबईत वर्षाला ६०,००० मिळतात आणि अर्जाला भाडेकरार जोडावा लागतो. मामेभावाच्या त्या मॅनेजरने बी फॉर्म 'उद्या व्हॉट्सॲप करतो' सांगितलं होतं, आज तिसरा आठवडा, आम्ही दुसरीकडे टोकन दिलं.